अंग नाजूक नसतं, रक्त विचारावं लागतं

मंडळी, "हिचं अंगच नाजूक, जरा लागलं की काळंनिळं पडतं" हे वाक्य ज्यांनी कधीच ऐकलं नाही त्यांनी हात वर करा. एकही नाही! माझा राग त्या वाक्यावरच आहे. ते उच्चारलं की पुढची चौकशी थांबते.

फिनलंडच्या ऑलंड बेटांवरच्या पाच वर्षांच्या एका मुलीला १९२४ साली एरिक फॉन विलेब्रांड या डॉक्टरांनी तपासलं. तिच्या बहिणी रक्तस्रावानेच दगावल्या होत्या. हिमोफिलिया, म्हणजे रक्त न गोठण्याचा आनुवंशिक आजार म्हणावा, तर तो बहुतेक मुलग्यांत दिसतो आणि इथे बायकाही आजारी. प्लेटलेट, म्हणजे जखमेला बूच लावणाऱ्या रक्तातल्या बारीक पेशी, मोजल्या तर पुरेशा, तरी रक्त लवकर थांबत नव्हतं. त्यांनी अख्ख्या घराण्याची वंशावळ मांडली आणि १९२६ साली निबंध छापला. ती मुलगी पुढे तेराव्या वर्षी, चौथ्या पाळीत गेली. चौथ्या! म्हणून विचारतो, अंगावर डाग पडणाऱ्या मुलीला पाळीबद्दल कुणी विचारतं का? सात दिवसांवर जाते का, तासा-दोन तासाला पॅड भिजतं का, मोठ्या गाठी पडतात का? आई म्हणते, "आमच्याकडे सगळ्यांचं असंच." अहो, घराण्यात चालणाऱ्या आजाराची तीच तर खूण आहे!

लागलं की कातडीखालची केशवाहिनी फुटते. त्या फाटक्या भिंतीला प्लेटलेट चिकटवणारं प्रथिन आज विलेब्रांड यांच्याच नावाने ओळखलं जातं. ते कमी असेल तर प्लेटलेट अडीच लाख असूनही डाग पसरतो. इथेच फसगत होते: सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी उत्तम, पीटी-एपीटीटी, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्या तपासण्याही बऱ्याचदा उत्तम, आणि घरी निरोप येतो, "काही नाही." या प्रथिनाची पातळी आणि काम या वेगळ्या तपासण्या करून घ्याव्या लागतात. ताप, गरोदरपण किंवा हार्मोनच्या गोळ्या असताना पातळी वाढते, म्हणून कधी त्या पुन्हाही कराव्या लागतात.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. तेव्हा 'काय करायचं' ते भरभर सांगतो. पहिले दोन दिवस बर्फ फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. हातपाय उंच ठेवा, शेक नंतर. आंबेहळद लावा, पण चोळू नका. चोळलं की पुन्हा झिरपतं. डाग जांभळा, हिरवा, पिवळा होत साधारण दोन आठवड्यांत जातो.

घरातला गोळ्यांचा डबा उघडा. ॲस्पिरिनने निकामी झालेली प्लेटलेट तिच्या सात-दहा दिवसांच्या आयुष्यात सुधारत नाही. डॉक्टरांनी हृदयासाठी दिलेली ॲस्पिरिनची गोळी मनाने बंद करायची नाही, पण म्हणूनच दुखण्यावर वरून आयबुप्रोफेनही घ्यायचं नाही. गोरेपणाच्या क्रीममध्ये स्टिरॉइड असेल तर कातडी पातळ होऊन डाग पडतात. आजोबांच्या मनगटावरचे डाग वयाने कातडी विरल्याचे असतात. खेळत्या पोराच्या नडगीवरचे चालतील. पोटावर, पाठीवर, कानावर किंवा रांगूही न लागलेल्या बाळावर असतील तर लगेच दाखवा. दाबूनही न मिटणारे लाल ठिपके, सोबत ताप, काळी शी, हिरड्यांतून रक्त असेल तर क्षणभरही थांबू नका.

आणि दात काढायच्या आधी दंतवैद्याला डागांचं आणि पाळीचं दोन्ही सांगा. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे रक्तस्राव आवरणारं औषध आधीपासून सुरू करता येतं.