पंचेचाळीस टन रताळी

श्रोतेहो, नमस्कार.

आज जेसन ब्राउनची गोष्ट सांगायची आहे. हा फुटबॉलपटू, पण आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे, अमेरिकेतला, हेल्मेट घालून धडका देत खेळतात तो. त्यात ब्राउन ‘सेंटर’. मधोमध ओणवं व्हायचं, दोन पायांमधून चेंडू मागच्या गड्याच्या हाती द्यायचा आणि लगेच समोरून येणारा धिप्पाड गडी अंगावर घ्यायचा. चेंडूला पहिला हात याचाच. पण कॅमेरा चेंडूमागे पळतो, हा कुणाला दिसत नाही. आपल्या कबड्डीतही चढाई करणाऱ्याचं नाव होतं, कोपरा राखणाऱ्याचं होत नाही. मला हे कधीच पटलेलं नाही.

असो. २००५ साली तो बाल्टिमोर रेव्हन्स या संघाकडे आला. २००९ साली सेंट लुईस रॅम्सने त्याच्याशी करार केला, पाच वर्षांसाठी ३ कोटी ७५ लाख डॉलरचा. त्या घडीला एवढा महागडा सेंटर दुसरा नव्हता.

त्याचा थोरला भाऊ सैन्यात होता. २००३ साली इराकमध्ये तो मारला गेला, तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. पुढे जेसनला सत्ताविसावं लागलं आणि त्याच्या मनाने घेतलं की भावाच्या या वयापर्यंत आपण काय केलं? २०१२ साली रॅम्सने त्याला मोकळं केलं. दुसरे संघ घ्यायला तयार होते. हा म्हणाला, मी शेती करणार. त्याचा एजंट म्हणाला, आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक करतोयस. ब्राउनने एवढंच सांगितलं, ‘नाही, चूक नाही.’

आणि शेती कुणी करायची? ज्याने जन्मात एक दिवस शेतात काम केलेलं नाही, त्याने! नॉर्थ कॅरोलायना राज्यात लुइसबर्गजवळ त्याने १००० एकर जमीन घेतली. एक हजार एकर! शिकला कसा? यूट्यूबवर व्हिडिओ बघून, आणि आसपासच्या शेतकऱ्यांना विचारून. मला यातलं दुसरं जास्त मोलाचं वाटतं. बांधावर उभं राहून ‘दादा, हे कसं करायचं?’ असं विचारायला मोठं मन लागतं, तेही खिशात एवढा पैसा असताना.

मग २०१४ साल आलं. पहिलं मोठं पीक, रताळ्याचं. नॉर्थ कॅरोलायना म्हणजे रताळ्याचंच राज्य. रताळं काढणं कसं असतं ते तुम्हाला ठाऊक आहे: वरंबा फोडला की पुढचं काम ओणवं होऊन, हातांनी. लोक आपणहून वेचायला आले. माती झटकत, एकेक उचलत ढीग लागला १ लाख पौंडांचा. म्हणजे पंचेचाळीस टन. दहा टनांचे चार ट्रक भरून पाचवा अर्धा. पंचेचाळीस टन, श्रोतेहो! शिवाय साडेचार टन काकड्या.

यातलं एकही रताळं विकलं नाही. गरिबांना शिधा पुरवणाऱ्या संस्थांकडे सगळं गेलं. रताळं पोटाला आधार देतं आणि टिकतंही. आपण मात्र एकादशी-शिवरात्रीलाच त्याची आठवण काढतो, याचं मला फार वाईट वाटतं.

ब्राउनने शेताचं नाव ठेवलंय ‘फर्स्ट फ्रूट्स फार्म’. म्हणजे पहिलं पीक. आपल्याकडे नवं धान्य आधी देवापुढे ठेवतात. त्याने ते उपाशी माणसापुढे ठेवलं.

नमस्कार.