आगोटीआधी स्विचची बेगमी

(शाळा, पतसंस्था, लॉज आणि छोट्या कार्यालयांचं नेटवर्क सांभाळणाऱ्यांसाठी रत्नागिरीत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, मे अर्धा सरला की आपल्याकडे आगोटीची, म्हणजे पावसाआधीच्या तयारीची, धांदल सुरू होते. कौलं शाकारायची, लाकूडफाटा आत घ्यायचा, सुकी मासळी डब्यात भरायची. त्या यादीत आज आणखी एक काम घालू या: कपाटात घरघरत बसलेल्या स्विचचं, म्हणजे संगणक, प्रिंटर, कॅमेरे एकमेकांना जोडणाऱ्या डब्याचं, कॉन्फिग (त्यात भरलेल्या सेटिंग्जची यादी) उचलून ठेवणं. काम अर्ध्या तासाचं. पण बहुतेक ठिकाणी ते अर्धंच होतं, आणि अर्धं झालंय हे स्विच जळाल्यावर कळतं.

पहिला घोळ स्विचच्या दोन स्मरणांचा. आज उदाहरणं सिस्को कंपनीच्या कॅटॅलिस्ट स्विचची देतो, कारण ते जास्त जणांच्या हाताखालचे आहेत. रनिंग-कॉन्फिग रॅममध्ये, म्हणजे लाईट गेली की पुसल्या जाणाऱ्या जागेत, चालू असतं. स्टार्टअप-कॉन्फिग एनव्हीरॅममध्ये, म्हणजे लाईट गेली तरी टिकणाऱ्या जागेत. तुम्ही सातव्या पोर्टला (केबल लावायच्या खाचेला) नवा व्हीलॅन, म्हणजे नेटवर्कमधला वेगळा कप्पा, दिलात की प्रिंटर लगेच चालायला लागतो, आणि माणूस उठून चहाला जातो. बदल मात्र फक्त रॅममध्ये असतो. जानेवारीतला हा बदल यूपीएसच्या कृपेने चार महिने तगतो. मग वळीव येतो, लाईट जाते, यूपीएसची बॅटरी आधीच बसलेली असते, आणि स्विच परत उठतो तो डिसेंबरातलं कॉन्फिग घेऊन. प्रिंटर बंद! केबल बदलून होते, ड्रायव्हर बदलून होतो, आणि ज्याला काही झालेलंच नाही तो प्रिंटर दुरुस्तीला जातो.

म्हणून बॅकअपच्या आधी 'शो आर्काइव्ह कॉन्फिग डिफरन्सेस' ही आज्ञा द्या आणि पुढे आधी स्टार्टअप, मग रनिंग अशी दोन्ही फाइलींची नावं लिहा. अधिक चिन्हाच्या ओळी रनिंगमध्ये आहेत पण साठवलेल्या नाहीत. वजा चिन्हाच्या ओळी उलट. त्या ओळी वाचा. एखादी कुणी का टाकली हे कळत नसेल तर ती डोळे मिटून साठवू नका. पटल्या की 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग'. वेब पानावरून चालणाऱ्या स्वस्त स्विचवर हाच सापळा दुसऱ्या रूपात असतो: 'अप्लाय' दाबलं म्हणजे बदल चालू झाला, साठवायचं 'सेव्ह' बटण निराळं.

आता फाइल बाहेर काढणं. सगळ्यांना ठाऊक असलेला मार्ग टीएफटीपीचा, म्हणजे नेटवर्कवरून फाइल पाठवायच्या साध्या पद्धतीचा. लॅपटॉपवर टीएफटीपी सर्व्हर चालू करायचा, स्विचवरून लॅपटॉपला पिंग करून (संपर्क होतो का ते) पाहायचं, मग 'कॉपी रनिंग-कॉन्फिग टीएफटीपी:'. स्विच दोन प्रश्न विचारतो, सर्व्हरचा पत्ता आणि फाइलीचं नाव. पिंग जातं आणि तरी 'टाइम्ड आउट' येतं, तेव्हा बहुतेक वेळा विंडोजच्या फायरवॉलने यूडीपी ६९, म्हणजे टीएफटीपीचा दरवाजा, अडवलेला असतो. लिनक्सवरच्या टीएफटीपी सर्व्हरला नवी फाइल बनवायची मुभा वेगळी द्यावी लागते, नाहीतर त्या नावाची रिकामी फाइल आधी ठेवून तिला लिहिण्याची परवानगी द्यावी लागते.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताना फार जण नुसतं एंटर मारतात. तिथेच नुकसान होतं. स्विच स्वतःहून जे नाव सुचवतो ते त्याच्या होस्टनेमपुढे, म्हणजे स्विचला दिलेल्या नावापुढे, 'कॉन्फजी' जोडून बनतं. होस्टनेम कुणी बदललेलंच नसेल तर तुमच्या पाचही स्विचचं नाव 'स्विच' असतं. पाच वेळा बॅकअप घेतला, पाच वेळा यश मिळालं, आणि फोल्डरमध्ये फाइल एकच, शेवटच्या स्विचची. तेव्हा आधी होस्टनेम द्या: इमारत, मजला, क्रमांक. आणि फाइलीच्या नावात तारीख घाला, वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, म्हणजे फोल्डर आपोआप ओळीने लागतं.

टीएफटीपीला नाव-पासवर्ड काही नसतं आणि फाइल उघडी जाते. टेबलावर समोरासमोर ठीक. गावातून गावात पाठवायची तर एससीपी, म्हणजे पासवर्ड मागून फाइल कुलूपबंद नेणारी पद्धत, वापरा. यूएसबीचा खाचा असलेल्या मॉडेलवर पेन ड्राइव्ह लावून कॉपी करता येते, तेही उत्तम.

नेटवर्कच नसेल तर कन्सोल केबल, म्हणजे लॅपटॉप थेट स्विचला जोडणारी तार. वेग ९६००, आठ डेटा बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट. पुट्टीत (स्विचला आज्ञा द्यायच्या प्रोग्राममध्ये) लॉगिंग चालू करा आणि 'शो रनिंग-कॉन्फिग'च्या आधी 'टर्मिनल लेंग्थ ०' द्या. ते विसरलात तर दर पानाला '--मोर--' हा शब्द फाइलीत घुसतो आणि परत भरताना त्या जागी स्विच अडखळतो. वरची 'बिल्डिंग कॉन्फिगरेशन' ही ओळ आणि किती बाइट ते सांगणारी ओळ काढून टाका. आणि तळाला जा. शेवटची ओळ 'एंड' आहे का? नसेल तर फाइल मध्येच तुटली आहे. ही तपासणी पाच सेकंदांची आहे, आणि मी म्हणेन सगळ्यात कामाची.

इथवर बरेच जण येतात. खरी गंमत पुढे आहे, कारण ही फाइल म्हणजे अख्खा स्विच नव्हे.

सर्वात मोठी गळती व्हीलॅनची. व्हीटीपी म्हणजे स्विचांनी व्हीलॅनची यादी एकमेकांना कळवायची सिस्कोची पद्धत. तिच्या सर्व्हर मोडमध्ये, आणि जुन्या कॅटॅलिस्टवर मूळ मोड तोच असतो, १ ते १००५ मधले व्हीलॅन रनिंग-कॉन्फिगमध्ये लिहिलेच जात नाहीत. ते फ्लॅशमधल्या 'व्हीलॅन.डॅट' नावाच्या वेगळ्या फाइलीत राहतात. समजा पतसंस्थेत १० क्रमांकाचा व्हीलॅन काउंटरला, २० कॅमेऱ्यांना आणि ३० वायफायला आहे. स्विच मेला, नवा आणला, जपलेली फाइल स्टार्टअपमध्ये टाकली, रिलोड केला, म्हणजे पुन्हा चालू केला. कॉन्फिग वाचलं तर शब्दन् शब्द बरोबर: पोर्ट ७, व्हीलॅन ३०. पण 'शो व्हीलॅन ब्रीफ' दिलं की सातवा पोर्ट कुठल्याच ओळीत नाही. त्याच पोर्टचं 'स्विचपोर्ट' पाहिलं तर ३० पुढे कंसात 'इनॅक्टिव्ह'. व्हीलॅनच अस्तित्वात नाही, पोर्ट जाणार कुठे?

काही जण फाइल रिलोडने न भरता कन्सोलवर पेस्ट करतात. तेव्हा पोर्टला दिलेला व्हीलॅन स्विच स्वतः बनवतो, पण त्याचं नाव 'व्हीलॅन००३०' असं पडतं. तुम्ही दिलेलं 'वायफाय' हे नाव गेलं. आणि जो व्हीलॅन या स्विचवर कुठल्याच पोर्टला नाही, नुसता ट्रंकवरून (दोन स्विचमधल्या, अनेक व्हीलॅन नेणाऱ्या जोडणीवरून) पलीकडच्या इमारतीत जातो, तो बनतच नाही. मग इकडचं सगळं ठीक आणि पलीकडचे कॅमेरे बंद, असं कोडं पडतं.

उपाय दोन. एकतर 'कॉपी फ्लॅश:व्हीलॅन.डॅट टीएफटीपी:' करून ती फाइलही घ्या. नाहीतर स्विच व्हीटीपी ट्रान्सपरंट मोडवर न्या, मग व्हीलॅन कॉन्फिगमध्येच दिसायला लागतात. तीन-चार स्विचच्या कार्यालयात मी डोळे झाकून दुसरा उपाय सांगेन. तिथे व्हीटीपीची सोय कमी आणि धोका जास्त: त्याच डोमेनचा (व्हीटीपी गटाचा) पण वरच्या रिव्हिजन क्रमांकाचा, म्हणजे यादीत जास्त बदल झालेला, जुना स्विच ट्रंकला जोडला, तर तो बाकीच्यांचे व्हीलॅन पुसून आपले लादू शकतो.

दुसरी गळती एसएसएचच्या, म्हणजे दुरून सुरक्षित लॉगिन करायच्या, किल्ल्यांची. त्या कॉन्फिगच्या मजकुरात येत नाहीत. नव्या स्विचवर फाइल भरली तरी एसएसएच लागत नाही. होस्टनेम आणि डोमेन नेम असल्याची खात्री करून किल्ल्या नव्याने बनवाव्या लागतात. तिसरी, पोर्टची नावं. जुन्या २९६० वर पोर्ट 'गिगाबिटइथरनेट०/१' असतो, २९६०-एक्सवर 'गिगाबिटइथरनेट१/०/१'. फाइल तशीच भरली तर दर पोर्टला 'इनव्हॅलिड इनपुट'. साध्या मजकूर संपादकात शोधा-आणि-बदला केलं की सुटतं, पण तेवढं सुचायला हवं. म्हणून बॅकअपसोबत 'शो व्हर्जन' आणि 'शो इन्व्हेंटरी'चा मजकूरही ठेवा. कोणत्या पोर्टची केबल कुठल्या खोलीत जाते, हे तर स्विचला माहीतच नसतं. तो तक्ता तुमचा तुम्ही करायचा. दर पोर्टला 'डिस्क्रिप्शन' लिहिलंत तर तो निदान फाइलीत तरी येतो.

परत भरताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. चालू स्विचवर 'कॉपी टीएफटीपी: रनिंग-कॉन्फिग' केलं की जुनं पुसलं जात नाही, नवं त्यात मिसळतं. चुकीची ओळ तिथेच राहते. जसंच्या तसं हवं असेल तर 'कॉन्फिगर रिप्लेस'. आणि हे दुरून करत असाल तर आधी 'रिलोड इन १०' द्या. स्विच गुहागरला, तुम्ही दापोलीला, मध्ये दाभोळची खाडी. आपल्याच चुकीने संपर्क तुटला तर दहा मिनिटांनी स्विच साठवलेलं कॉन्फिग घेऊन उठेल आणि धोपाव्याची फेरीबोट पकडावी लागणार नाही. सगळं जमलं की 'रिलोड कॅन्सल', मगच साठवा. उलट क्रमाने केलंत तर त्या दहा मिनिटांना अर्थ राहत नाही.

रोजचं काम स्विचवर सोपवता येतं. 'आर्काइव्ह' विभागात एससीपीचा पत्ता, नावात होस्टनेम आणि वेळ, खाली 'राइट-मेमरी', आणि 'टाइम-पीरियड १४४०', म्हणजे मिनिटांत एक दिवस. यानंतर दर साठवणीला एक प्रत आपोआप बाहेर जाते. मात्र आधी घड्याळ लावा. २९६० सारख्या स्विचना बॅटरीवरचं घड्याळ नसतं. लाईट गेली की ते १ मार्च १९९३ पासून मोजायला लागतात आणि फाइलींवर त्याच तारखा पडतात. एनटीपीला, म्हणजे नेटवर्कवरून घड्याळ जुळवणाऱ्या सोयीला, दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा वेळ-सर्व्हर दिलात की प्रश्न मिटला. आणखी एक: एससीपीचा पासवर्ड त्या पत्त्यातच, उघडा, कॉन्फिगमध्ये बसतो. त्यासाठी वेगळं, फक्त त्या फोल्डरपुरतं खातं काढा. स्विच वीसच्या वर असतील तर ऑक्सिडाइज्ड हा प्रोग्राम बसवा. तो सगळ्यांची कॉन्फिग गोळा करून गिटमध्ये, म्हणजे दर आवृत्ती जपणाऱ्या साठ्यात, ठेवतो आणि काय बदललं ते ओळीनिशी दाखवतो.

फाइल कुठे ठेवायची? ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. त्याच रॅकच्या तळाशी ठेवलेल्या संगणकावरची प्रत अशा दिवशी स्विचसोबतच बुडते. एक प्रत इमारतीबाहेर, शक्यतो दुसऱ्या तालुक्यात, हवीच. पण व्हॉट्सॲपच्या गटावर नको. कॉन्फिगमधले टाइप ७ चे (सिस्कोच्या कच्च्या पद्धतीने झाकलेले) पासवर्ड क्षणात उलगडतात, एसएनएमपीची कम्युनिटी, म्हणजे स्विचवर दुरून नजर ठेवायचा परवलीचा शब्द, तर साध्या अक्षरांत असते. सेव्हन-झिपने एईएस-२५६ लावून पाठवा आणि पासवर्ड फोनवर सांगा. पोर्टचा तक्ता आणि व्यवस्थापनाचे आयपी मात्र कागदावर छापा, लॅमिनेट करा. लाईट नसताना कागदच वाचता येतो.

जादा स्विच ठेवलेला असेल तर सिलिका जेलच्या पुड्यांसह पिशवीत बंद ठेवा, खाऱ्या हवेने पोर्टच्या पट्ट्या हिरव्या पडतात. आणि मृगाच्या आधी एकदा त्याच्यावर ही फाइल भरून बघा. दोन लॅपटॉप वेगवेगळ्या व्हीलॅनमध्ये लावा. एसएसएच लागतं का, ट्रंकवर सगळे व्हीलॅन दिसतात का, किती मिनिटं लागली, हे त्या लॅमिनेट केलेल्या कागदाच्या मागे लिहा.

समोरून प्रश्न आलाय, जळका स्विच भंगारात द्यायचा का. चालू होत असेल तर आधी 'राइट इरेज' आणि 'डिलीट फ्लॅश:व्हीलॅन.डॅट' द्या, मग रिलोड करून रिकामा आहे ना ते पाहा. चालूच होत नसेल तर त्याच्या पोटात तुमचं कॉन्फिग अजून आहे असं धरा, उरलेल्या स्विचचे पासवर्ड आणि कम्युनिटी बदला, आणि त्या बदलांचा नवा बॅकअप त्याच दिवशी घ्या.