चौथा झटका: शिथिल केलेले स्नायू परत आणताना

[दृश्य: ऑपरेशन टेबलावर कुत्रा, डोळ्यावर मायक्रोस्कोप]

कुत्र्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन. भूल चढली की डोळा खाली, नाकाच्या बाजूला वळतो आणि सर्जनला दिसतो तो नुसता पांढरा भाग. डोळा मधोमध आणि स्थिर हवा, म्हणून स्नायू शिथिल करणारं अॅट्राक्युरियम शिरेतून देतात, किलोमागे साधारण 0.2 मिलीग्रॅम. काही मिनिटांत डोळा सरळ होतो. पण छातीचे स्नायू आणि श्वासपटलही थांबतात. इथून पुढे श्वास द्यायचा तो व्हेंटिलेटरनं किंवा हातानं बॅग दाबून. ही सोय नसेल, तर हे औषध हातात घेऊच नये.

या औषधात ना भूल आहे, ना वेदना कमी करण्याची ताकद. पापणीला बोट लावून भुलेची खोली बघायची सवय इथे कामाची नाही, कारण पापणीही निकामी झालेली असते. नाडी आणि रक्तदाब अचानक वाढले, तर भूल उतरते आहे असंच धरायचं.

[दृश्य: मागच्या पायाच्या गुडघ्याजवळ दोन क्लिपा, पंजा चार वेळा झटकतो]

गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, हाडाच्या गाठीलगत पेरोनियल नस वरवर असते. तिथे नर्व्ह स्टिम्युलेटरच्या क्लिपा लावतात. दोन सेकंदांत विजेचे चार धक्के दिले की पंजा चार वेळा झटकतो. हे यंत्र शिथिल करणारं औषध देण्याआधीच लावायचं. झटका आणखी मोठा होईनासा होईपर्यंत करंट वाढवायचा, त्यावर थोडा जादा ठेवायचा. नंतर लावलं, तर झटका येत नाही तो औषधामुळे की क्लिप सरकल्यामुळे, हे कळायला मार्ग उरत नाही.

औषध चढलं की आधी चौथा झटका जातो, मग तिसरा, दुसरा, पहिला. उतरताना पहिला आधी येतो, चौथा सगळ्यांत शेवटी.

[दृश्य: नस आणि स्नायू यांच्या जोडाचं रेखाचित्र]

नसेच्या टोकातून अॅसिटिलकोलिन सुटतं आणि स्नायूवरच्या ठरलेल्या जागी बसतं. अॅट्राक्युरियम त्या जागा अडवतं, एसटीत रुमाल टाकून सीट धरावी तसं. ही शिथिलता उतरवायला निओस्टिग्मिन देतात, पण ते हे रुमाल उचलत नाही. अॅसिटिलकोलिन मोडणाऱ्या एन्झाइमला ते रोखतं, त्यामुळे जागेसाठी धडपडणारी गर्दी वाढते. पण सगळ्याच जागा अडलेल्या असतील, तर गर्दी वाढून उपयोग काय? एकही झटका नसताना निओस्टिग्मिन दिलं की काम होत नाही. मग लोक डोस वाढवत बसतात. किमान दोन झटके दिसेपर्यंत थांबायचं. चारही आले तर उत्तम.

शिथिलता अशी उलटते हे पहिल्यांदा नोंदलं गेलं तेही कुत्र्यातच. व्हिएन्नातल्या जेकब पाल यांनी 1900 मध्ये क्युरारे हे शिथिल करणारं औषध दिलेल्या कुत्र्याला निओस्टिग्मिनच्याच जातीचं फायसोस्टिग्मिन दिलं, आणि तो पुन्हा श्वास घेऊ लागला.

[दृश्य: ट्रेमध्ये अँप्यूल, सिरिंज]

निओस्टिग्मिनचा डोस किलोमागे 0.02 ते 0.04 मिलीग्रॅम. ते एकटं कधीच द्यायचं नाही. अॅसिटिलकोलिन हृदयात, आतड्यांत, श्वासनलिकांतही वाढतं: नाडी मंदावते, लाळ गळते, श्वासनलिका आवळतात. म्हणून जोडीला ग्लायकोपायरोलेट, किलोमागे 0.01 मिलीग्रॅम. दोघांचा वेग बऱ्यापैकी जुळतो. अॅट्रोपीन चालतं, पण ते आधी धावतं आणि नाडी एकदम वाढवतं.

आपल्याकडे दोन्ही औषधं एकत्र असलेली 5 मिलीची अँप्यूल मिळते: निओस्टिग्मिन 2.5 मिलीग्रॅम, ग्लायकोपायरोलेट 0.5. वीस किलोच्या कुत्र्याला 0.04 च्या हिशेबानं 0.8 मिलीग्रॅम, म्हणजे 1.6 मिली. चार किलोच्या मांजराला जेमतेम 0.32 मिली. एवढं मोठ्या सिरिंजमध्ये मोजू नये. 1 मिली औषधात 4 मिली सलाईन घालून त्यातलं 1.6 मिली सावकाश द्यावं. निओस्टिग्मिनच्या वेगवेगळ्या ताकदीच्या अँप्यूल असतात, म्हणून लेबल दर वेळी वाचायचं. नजर ईसीजीवर. पूर्ण असर यायला सात ते दहा मिनिटं लागतात. तोवर व्हेंटिलेटर चालू, भुलेचा गॅसही चालू.

फसगत होते ती पुढे. चारही झटके सारखे दिसले की सगळ्यांना हायसं वाटतं. पण चौथा झटका पहिल्याच्या 40 टक्क्यांच्या वर गेला की फरक डोळ्यांना ओळखू येत नाही, आणि सुरक्षित आकडा आहे 90 टक्के. मधल्या पट्ट्यात प्राणी श्वास घेतो, पाय हलवतो, श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या कॅप्नोग्राफवरचा आलेखही छान दिसतो. श्वासपटल लवकर सावरतं. घसा मागे राहतो. श्वासाची नळी काढली की गिळता येत नाही, पोटातलं वर आलेलं फुप्फुसात जातं. झटक्यांची ताकद आकड्यात दाखवणारा अॅक्सेलेरोमायोग्राफ असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर झटके सारखे दिसले तरी रिव्हर्सल, म्हणजे शिथिलता उतरवणारं औषध, द्यावं.

शिथिलता रेंगाळली, तर आधी अंगाचं तापमान बघा. अॅट्राक्युरियम बरंचसं रक्तात आपोआप मोडतं, पण थंड किंवा आम्ल झालेल्या रक्तात सावकाश. मग बघा जेंटामायसिन हे अँटिबायोटिक किंवा मॅग्नेशियम दिलं होतं का. दोन्ही शिथिलता लांबवतात. सक्सिनिलकोलिन हे दुसरं शिथिल करणारं औषध दिलं असेल, तर निओस्टिग्मिनला हात लावू नका. सक्सिनिलकोलिन मोडणारं एन्झाइमही त्यानं रोखलं जातं आणि शिथिलता वाढते.

शिथिल करायला रोक्युरोनियम किंवा व्हेक्युरोनियम वापरलं असेल तर सुगामाडेक्स हा वेगळाच मार्ग आहे. त्याचा रेणू या औषधाच्या रेणूला पोटात घेतो, आणि दोघं लघवीवाटे बाहेर पडतात. माणसांसाठी युरोपात 2008 मध्ये, अमेरिकेत 2015 मध्ये त्याला मान्यता मिळाली. लेबलावर प्राण्यांचा उल्लेख नसला तरी ते प्राण्यांतही वापरतात. खोल शिथिलताही ते काही मिनिटांत उतरवतं, जोडीला ग्लायकोपायरोलेट लागत नाही. अॅट्राक्युरियमवर मात्र त्याचा काडीचा उपयोग नाही. आणि ते दिल्यावर लगेच पुन्हा शिथिल करायची वेळ आली, तर रोक्युरोनियम लागू पडेल याचा भरवसा नाही. तेव्हा अॅट्राक्युरियमच घ्यावं.

[दृश्य: शेताच्या बांधावर कुत्रा]

नाग चावलेल्या कुत्र्यातही असाच लकवा दिसतो. नागाचं विष त्याच जागा अडवतं, म्हणून प्रतिविषासोबत निओस्टिग्मिनची मदत होऊ शकते. मण्यारीचं विष नसेचं टोकच बिघडवतं. तिथे निओस्टिग्मिनवर भिस्त ठेवून चालत नाही, श्वास देत राहावं लागतं.

[दृश्य: कुत्रा पोटावर, नळी अजून घशात]

गॅस बंद, ऑक्सिजन चालू. कुत्रा स्वतः गिळू लागला की नळी काढायची. मांजराचा कान फडफडला, पापणी हलली की त्याच सुमारास. निदान अर्धा तास कुणीतरी शेजारी हवं, ऑक्सिजन आणि नळी हाताशी. दम पुन्हा उथळ झाला, मान टाकली, तर निओस्टिग्मिनचे डोस चढवत जायचे नाहीत. जादा झालं तर तेच अशक्तपणा आणतं. हलकी भूल देऊन नळी परत घालायची, बॅग दाबायची, अंग गरम ठेवायचं आणि स्टिम्युलेटर पुन्हा लावायचा.