कव्हर छापून झालं, मग चित्र गेलं कुठे?

नमस्कार मंडळी. आज कॉमिकबद्दल बोलायचंय, पण पुस्तकाबद्दल नाही हं, तर त्याच्या कव्हरचं जे ओरिजिनल चित्र असतं ना, आर्टिस्टने स्वतःच्या हाताने काढलेलं, त्याबद्दल. आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी इंद्रजाल कॉमिक्स यायचं, १९६४ ला सुरू झालेलं, मराठीतूनही निघायचं, आणि स्टॉलवर वेताळाचं, म्हणजे फँटमचं, नवीन कव्हर लटकलेलं दिसलं की पाय तिथून हलायचे नाहीत. त्यातली कितीतरी कव्हरं गोविंद ब्राह्मणिया रंगवायचे, हे मला पार चाळिशी उलटल्यावर कळलं. लहानपणी ज्या चित्राकडे बघत बसायचो ते कुणीतरी टेबलाशी बसून ब्रशने काढलंय आणि तो कागद कुठेतरी असेल, असं तेव्हा मनातच आलं नाही कधी.

आम्ही तर पोरं होतो. पण अमेरिकेत ज्यांचा हा धंदाच होता त्यांच्याही मनात आलं नाही. १९३८ सालचा ॲक्शन कॉमिक्सचा पहिला अंक, सुपरमॅनने हिरवी मोटार डोक्यावर उचललीये ते जो शुस्टर या चित्रकाराचं कव्हर, बघितलं असेल तुम्ही. त्या छापील अंकाची चांगली प्रत आज लाखो डॉलरला जाते, पण मूळ चित्र? नाही राहिलं. कारण एकदा चित्राचा फोटो घेतला, प्लेट बनली, अंक छापून बाहेर पडला की चित्राचं काम संपलं, मग ते बोर्ड ठेवायचं कुठे, जागा अडते, द्या फेकून. कितीतरी चित्रं अशी कचऱ्यात गेली, काही तर मुद्दाम कापून टाकली, आणि थोडी ऑफिस बघायला आलेल्या शाळकरी पोरांच्या हातात पडली. त्या पोरांनी जपली म्हणून राहिली.

आता मी बघितलेलं सांगते. मुलीकडे न्यू जर्सीला गेले होते तेव्हा तिथे कॉमिकवाल्यांचा एक मेळावा होता, त्यात एका म्हाताऱ्या विक्रेत्याने मला १९६० च्या आसपासचं एक कव्हर प्लॅस्टिकच्या पाकिटातून काढून दाखवलं. पहिला धक्का म्हणजे त्यात रंगच नाही! नुसती काळी शाई. रंग वेगळे ठरवायचे, चित्राच्या कॉपीवर. आणि साइज केवढा, छापील कव्हरच्या लांबी-रुंदीला जवळजवळ दुप्पट, जाड बोर्डावर. कडेला फिक्या निळ्या पेन्सिलने सूचना लिहिलेल्या, कारण तो निळा रंग कॅमेऱ्याला दिसत नाही. हिरोचं एक बोट चुकलेलं, त्यावर पांढरा रंग लावून परत काढलेलं. वरचं टायटल वेगळं छापून चिकटवलेलं, ते कधीच गळून पडलेलं आणि तिथे रबर सोल्युशनचा तपकिरी डाग. मागे शिक्का, कारण १९५४ नंतर बहुतेक कंपन्यांचं प्रत्येक पान आधी सेन्सॉरसारख्या एका मंडळाकडे जायचं. मी त्या बोटाकडेच बघत राहिले. छापील पुस्तकात ते बोट असं काही बसलंय की चुकलं होतं हे कळणारही नाही, इथे मात्र माणूस थांबला, विचार केला, परत ब्रश उचलला, हे सगळं दिसतं.

जी चित्रं वाचली ती कुणीतरी तोंड उघडून मागितली म्हणून. जेरी रॉबिन्सन १९३९ ला १७ वर्षांचा पोरगा, बॅटमॅनच्या कामावर लागलेला. त्याला चांगलं चित्र फेकवेना, म्हणून त्याने आपली काही कव्हरं ठेवली आणि मित्राचीही ठेवली. फ्रेड रे या चित्रकाराने काढलेलं सुपरमॅनच्या १४ व्या अंकाचं कव्हर, मागे ताऱ्यापट्ट्यांची ढाल आणि हातावर गरुड, १९४२ चं, ते त्याच्यामुळेच आज आहे. दुसरे विल्यम गेन्स, ईसी कॉमिक्सचे मालक, त्यांनी आपल्याकडचं जवळपास सगळं आर्ट बांधून ठेवलं, कॉमिक्स बंद पडली तरी विकलं नाही की फेकलं नाही, पुढे कित्येक वर्षांनी रस कॉक्रन नावाच्या प्रकाशकामार्फत लिलावाने ते संग्राहकांकडे गेलं. मालकाने असं करणं दुर्मिळच हो.

जॅक कर्बी या चित्रकाराचं मात्र वाचून अजूनही वाईट वाटतं. मार्व्हल या कॉमिक कंपनीसाठी त्याने १० हजारांच्या वर पानं काढली, आणि स्वतःचीच चित्रं परत मिळायला आधी लांबलचक करारपत्रावर सही कर म्हणाले, तेसुद्धा फक्त त्याला, बाकीच्यांना साधं छोटं पत्र. बरीच वर्षं भांडण चाललं, बाकीचे आर्टिस्ट जाहीरपणे त्याच्या बाजूने उभे राहिले, तेव्हा कुठे १९८७ ला २ हजारांच्या आसपास पानं हातात आली. बाकीची गेलीच.

आता किमती बघा. बेल्जियमच्या एर्जेने टिनटिनच्या 'ब्लू लोटस'साठी १९३६ ला रंगवलेलं कव्हर, छपाईला महाग पडेल म्हणून वापरलंच नाही, त्या घरच्यांच्या सांगण्याप्रमाणे प्रकाशकाच्या ७ वर्षांच्या मुलाकडे गेलं, घडी घालून ड्रॉवरमध्ये पडून राहिलं. २०२१ ला पॅरिसला लिलाव झाला, ३० लाख युरोच्या वर. फोटोत घड्यांच्या रेघा स्पष्ट दिसतात.

म्हणून एक विनंती करते. तुमच्या घरात, नात्यात कुणी जाहिरातीचं, मासिकाचं, पुस्तकांच्या कव्हरचं काम केलेलं असेल तर माळ्यावरचे ते जुने बोर्ड रद्दीवाल्याला देण्याआधी एकदा खाली काढून बघा. लॅमिनेट अजिबात करू नका, सेलोटेप लावू नका, भिंतीवर उन्हात टांगू नका, गुंडाळी नको, सपाट ठेवा, मधे ॲसिड-फ्री, म्हणजे ॲसिड नसलेला, कागद घाला, आणि पावसाळ्यात ओल येते त्या भिंतीपासून लांब. आणि ते काका किंवा मावशी अजून असतील तर आज संध्याकाळीच फोन लावा, कुठल्या पुस्तकाचं, कुठल्या सालचं, कुणी सांगितलं होतं काढायला, सगळं विचारा आणि एका वहीत लिहून ती वही त्या बोर्डांसोबतच ठेवा.