नाचणीचं शेत आणि झाकलेलं ताट

(डिसेंबरातल्या एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. मघाशी हारतुऱ्यांच्या गडबडीत हे ताट कुणीतरी टेबलाखाली सरकवलं होतं, मी ते परत वर मागून घेतलं. मागच्या रांगेतून दिसत नसेल म्हणून सांगते, पत्र्याच्या जुन्या ताटात नाचणी पेरली आहे. आठ दिवस झालेत, बोटभर वर आली आहे. वसईहून लोकलने मांडीवर घेऊन आले. शेजारी बसलेल्या बाईंनी वाकून पाहिलं आणि विचारलं, "घट बसवलेत? आत्ता, डिसेंबरात?" मी म्हटलं, "हो, आमचे घट नाताळात बसतात."

त्या हसल्या. पण मी काही थट्टा करत नव्हते. नवरात्रात तुम्ही धान्य रुजत घालता, आम्ही नाताळच्या दहा-बारा दिवस आधी घालतो. बाळ येशूचा गोठा मांडायचा तर भोवती शेत हवं, शेत हवं तर ते हिरवं हवं, आणि ते विकत आणण्याची रीत आमच्याकडे नव्हती. आता प्लास्टिकची हिरवळ मिळते, चटईसारखी गुंडाळलेली. ती मला बघवत नाही, पण तो माझा हट्ट म्हणून सोडून द्या.

कृती सोपी आहे. नाचणी रात्रभर भिजवायची, सकाळी ओल्या फडक्यात बांधायची. मोडाचं पांढरं टोक दिसलं की ताटात बोटाच्या पेरभर माती पसरून वर दाट फेकायची. पहिले दोन दिवस गोणपाटाने झाकायची, नाहीतर चिमण्या फडशा पाडतात. मग पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही. ओतलं की दाणे वाहून एका कडेला जमतात आणि शेताला टक्कल पडतं. आमच्या घरी हे काम मी तिसरीत असताना माझ्याकडे आलं. चौथीत असताना मी ते साफ विसरले. चोवीस तारखेच्या सकाळी आठवलं. त्या वर्षी आमच्या गोठ्यातल्या मेंढ्या मेथीच्या जुडीवर चरल्या. आईने सव्वीस तारखेला त्याच जुडीची भाजी केली.

मला विषय दिला आहे 'नाताळच्या परंपरा'. आयोजकांना केक आणि सांताक्लॉज अपेक्षित असावेत, तेही येतील. पण दरवर्षी डिसेंबरात मला एक वाक्य हमखास ऐकू येतं, "तुमचा तो इंग्रजांचा सण आला वाटतं." त्याला माझं उत्तर हे ताट आहे. सण बाहेरून आला, हे खरं. वाढला मात्र तो वसईच्या वाडीत, पानवेलीच्या आणि केळीच्या सावलीत, शेतकऱ्याच्या हाताखाली. आणि इंग्रजांचा तर तो आमच्याकडे कधीच नव्हता. 'नाताळ' हा शब्दच पोर्तुगीज आहे, त्यांच्या 'नाताल'वरून आलेला, मुळात लॅटिनमधला, जन्माशी नातं सांगणारा. पाव, पगार, चावी, घमेलं ज्या वाटेने मराठीत आले त्याच वाटेने हाही आला. पगार आणि चावी तुम्ही परकी मानत नाही, मग नाताळाने काय घोडं मारलंय?

वसई पोर्तुगीजांकडे गेली ती २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने ती लिहून दिली, तीही नाताळ दोन दिवसांवर असताना. पुढे दोनशे वर्षांनी, १७३९ च्या मे महिन्यात, चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला. पोर्तुगीज गेले, नाताळ राहिला. तो राखला इथल्याच माणसांनी. किल्ल्यातल्या चर्चच्या घंटा मात्र प्रवासाला निघाल्या. भीमाशंकरला गेलात तर देवळापुढची मोठी घंटा नीट पाहा, तिच्यावर मरियामातेची आकृती आहे. वाईजवळ मेणवलीला दुसरी आहे. नाशिकच्या नारोशंकराची घंटा तर म्हणीत जाऊन बसली, तीही पोर्तुगीजच. म्हणजे एके काळी ज्या घंटांनी वसईत नाताळची वर्दी दिली, त्या आज महाशिवरात्रीला वाजतात. मला यात गंमत वाटते, तक्रार नाही. घंटेचं काम वाजण्याचं, ती वाजते आहे.

आणि भाषेचं म्हणाल तर येशूजन्माची कथा ओवीत सांगितली जाऊ लागली त्याला चारशे वर्षं उलटून गेली. फादर थॉमस स्टीफन्स हा जन्माने इंग्रज, राहिला गोव्यात, आणि त्याचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली राचोलला छापलं गेलं, रोमन लिपीत पण मराठीत. पुढे रेव्हरंड टिळकांनी अभंग आणि कीर्तन आणलं. ते प्रॉटेस्टंट, नगरकडचे, त्यांच्या नाताळाचा रंग आमच्यापेक्षा वेगळा. त्यावर बोलायला तिकडचं माणूस बोलवा, मी उसनं बोलणार नाही.

पुन्हा गोठ्याकडे येऊ. गोठा मांडण्याची ही प्रथा असिसीच्या संत फ्रान्सिसकडे नेतात. १२२३ साली इटलीत ग्रेचो नावाच्या खेड्यात त्याने खरा बैल, खरं गाढव आणि गवताने भरलेली गव्हाण उभी करून येशूजन्म दाखवला. लोकांना लॅटिन कळत नव्हतं, बैल कळत होता. आमच्याकडे तो बैल कळायला तर काहीच त्रास पडला नाही. माझे वडील गोठ्याला भाताचा पेंढा लावत, शेजारी विहीर करत आणि विहिरीवर रहाट. काडेपेटीच्या काड्यांचा, दोऱ्याला मडकी म्हणून रिठ्याची टरफलं. बेथलेहेमात रहाट होता का, असं मी विचारलं तर म्हणाले, "पाणी पीत असतील ना तिथले लोक?" वाड्यांमधले खरे रहाट पुढे पंपांनी गिळले. आज गावच्या तरुणांनी उभारलेल्या मोठ्या गोठ्यांमध्ये 'जुनी वसई' हा देखावा हमखास असतो. कौलारू घर, ओटा, लाल लुगड्यातली बाई आणि रहाट. मुलं तो मोटर लावून फिरवतात. त्यांनी खरा कधी पाहिलेला नसतो.

गोठ्यातली गव्हाण चोवीसच्या रात्रीपर्यंत रिकामी असते. मरिया आहे, योसेफ आहे, गाई-मेंढ्या आहेत, मधोमध नुसता पेंढा. बाळ आजीच्या कपाटात, तिच्या लुगड्यांच्या घडीत. मिस्सेहून, म्हणजे चर्चमधल्या उपासनेहून, घरी आल्यावर घरातल्या सगळ्यांत धाकट्याने ते आणून ठेवायचं. आणि तीन राजे? ते पूर्वेकडून निघालेले, त्यांना लांबून यायचं. आमच्याकडे ते रेडिओवरून निघत. रोज वीतभर पुढे. रेडिओवरून फळीवर, फळीवरून खिडकीत, आणि ६ जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, गोठ्यात. माझ्या भावाला धीर नव्हता, तो रात्रीतून त्यांना दोन मुक्काम पुढे ढकलायचा. सकाळी आजी मुकाट्याने परत मागे ठेवायची.

आजी चर्चला देऊळच म्हणायची. तिच्या तरुणपणी मध्यरात्रीची मिस्सा लॅटिनमध्ये असे. दुसरी व्हॅटिकन परिषद, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांची मोठी सभा, १९६२ ते ६५ या काळात झाली, त्यानंतर उपासना लोकांच्या भाषेत आली आणि आमच्याकडे मराठी मिस्सा सुरू झाली. पहिल्यांदा मराठीतून मिस्सा ऐकून आजी काय म्हणाली असेल? "एवढं सगळं कळायला लागलं तर झोप कशी लागायची!" आता बऱ्याच ठिकाणी मध्यरात्रीची मिस्सा मध्यरात्री होतही नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायचा नाही, म्हणून अनेक चर्चनी वेळ अलीकडे ओढली. नाव तेच राहिलं. काहींना चुकल्यासारखं वाटतं. मला खरं सांगायचं तर बरं वाटतं, गुडघे दुखतात आणि थंडीही बाधते. पण चर्चच्या पटांगणात उभं राहून, दव पडत असताना, शाल कानांवर ओढून ऐकलेली गाणी ती गाणी.

आता स्वयंपाकघर. तुमची करंजी ती गोव्याकडची नेवरी. फरक सारणाचा आणि अर्थातच प्रत्येकीच्या आईचा. दोदोलला काळा गूळ, नारळाचं दूध आणि तांदळाचं पीठ लागतं, आणि लागतात दोन दंड. तासन् तास ढवळावं लागतं, थांबलात की खाली धरलंच. कलकल हा मुलांचा खाऊ आणि मुलांचंच काम. पिठाची सुपारीएवढी गोळी काट्याच्या पाठीवर दाबून पसरायची आणि गुंडाळत आणायची, म्हणजे वर रेघा उमटतात. काटे कमी पडले तर नवा, कोरा कंगवा. 'कोरा' यावर आई जोर द्यायची, कारण एका वर्षी तो कोरा नव्हता. आठ-दहा जणं चटईवर बसलेली, मध्ये पीठ, आणि जिभा हातांपेक्षा जास्त चालत. गावात कुणाचं कुणाशी जमलं, कुणाची जमीन गेली, हे सगळं मी कलकल वळताना ऐकलं. तळल्यावर त्यातले निम्मे कढईपासून डब्यापर्यंत पोचतच नसत.

केक घरी भाजायचा तर पातेलं निखाऱ्यांवर आणि झाकणावरही निखारे. खालून करपला, वरून कच्चा, असं ठरलेलं. मग गावाजवळची बेकरी पाव काढून झाल्यावर भट्टी नाताळसाठी देऊ लागली. घरोघरची रव्याची पिठं कालवून टिनांत भरून न्यायची, प्रत्येक टिनाला नावाची चिठ्ठी. एकदा भट्टीच्या उष्णतेने चिठ्ठ्या जळाल्या की गळाल्या देव जाणे, पण पंचवीस-तीस टिनं एकसारखी तांबूस होऊन बाहेर आली आणि आपलं कुठलं ते कुणालाच ओळखेना. बायकांनी वास घेतला, टोक मोडून चाखलं, "माझ्यात वेलची नव्हती" असे वाद झाले. शेवटी ज्याने त्याने एकेक टिन उचललं. आमच्या वाट्याला आला तो केक आमच्यापेक्षा कितीतरी चांगला होता. आईने तो कुणाचा हे शोधून काढलं, कृती विचारून घेतली, आणि आजही आमच्याकडे तोच होतो.

हे सगळं घरच्यांनी खायला करत नाहीत. म्हणजे खातात, पण आधी ताटं लागतात. क्रोशाच्या विणलेल्या रुमालाने झाकलेली ताटं संध्याकाळी घराघरांत फिरतात. आमची दहा-बारा निघायची, त्यांतली निम्मी हिंदू शेजाऱ्यांकडे. आमच्या गावांत एकच बोली बोलणारे, एकाच बांधावरचे हिंदू आणि ख्रिस्ती दोन्ही आहेत. दिवाळीला त्यांचं ताट आमच्याकडे आलेलं असायचं. रिकामं ताट परत द्यायचं नाही हा नियम दोघांचाही. काही नसलं तर मूठभर साखर, नाहीतर दोन केळी. गोव्यात या फराळ वाटण्याला कोन्सुआद म्हणतात, तो पोर्तुगीज शब्द. त्याचं मूळ 'सांत्वन करणे' या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे असं मानतात.

हे मला फार उशिरा कळलं, आणि कळलं तेव्हा एकदम एक ताट आठवलं.

वडील गेले ते ऑगस्टात. ज्या घरात माणूस गेलं तिथे त्या वर्षी कढई चढत नाही, हे तुमच्याकडेही असंच. गोठा मांडायचा नाही असंही आईने ठरवलं होतं. मी नाचणी पेरली नाही. चोवीसच्या संध्याकाळी पलीकडच्या घरातल्या काकू आल्या. त्यांच्याकडे नाताळ नाही, त्या सोमवार करणाऱ्या. हातात ताट, वर आमचाच विणलेला रुमाल, कधीतरी गेलेला आणि परत यायचा राहिलेला. आत करंज्या होत्या, दिवाळीच्या नव्हेत, त्याच दुपारी तळलेल्या, अजून कोमट. आणि ताटाच्या कडेला एका वाटीत हिरवीगार नाचणी. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुझ्या बाबांना बघून बघून शिकले गं. थोडी वाकडी आलीय एका बाजूला, पाणी जास्त झालं."

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग आत गेली, फळीवरून गोठ्याचं खोकं काढलं आणि मला म्हणाली, "काकूंना बसायला दे. आणि रहाट कुठे ठेवलाय बघ."