मद्यार्काविना बिअर, मोडाची नाचणी

[दृश्य : बडोदा, दांडिया बाजार. स्वयंपाकघराच्या ओट्यावर ओल्या फडक्याची पुरचुंडी.]

पुरचुंडी सोडली की नाचणी दिसते. दाण्यादाण्याला बारीक पांढरा मोड. आता ती वाळवायची, हलकी भाजायची, दळून वस्त्रगाळ करायची, की बाळाचं नाचणीसत्त्व तयार. बिअरसाठी बार्लीचं माल्ट करतात तेही असंच, भिजवून आणि मोड आणून.

मोड येताना दाण्यात अमायलेज नावाचं विकर (एन्झाइम) तयार होतं. ते स्टार्च तोडून त्याची साखर करतं. तांदळाची घट्ट पेज गरम असताना तिच्यात थोडं मोडाचं पीठ कालवून बघा. चमचा उभा राहील अशी पेज बघता बघता पातळ होते.

[दृश्य : सयाजीराव विद्यापीठ.]

१९८०च्या दशकात इथल्या अन्न आणि पोषण विभागात डॉ. तारा गोपालदास आणि सहकाऱ्यांनी नेमकं यावरच काम केलं. बाळाचं पोट एवढंसं, पाणीदार पेजेनंच भरून जातं. माल्ट, म्हणजे मोडाचं पीठ, घातलं की बाळाला गिळता येईल इतक्या पातळ पेजेतही जास्त धान्य मावतं. बडोद्यातलं हे काम घरोघरी माहीत असायला हवं होतं.

आता माल्टच्याच बिअरकडे वळू. बिअरमध्ये जे चांगलं, ती ब जीवनसत्त्वं आणि पॉलिफेनॉल ही वनस्पतींतली द्रव्यं, ते धान्य, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) आणि यीस्टमधून येतं. मद्यार्कातून नाही. मद्यपेयांची नोंद तर १९८८पासून कर्करोगकारकांत आहे. तेव्हा 'थोडी बिअर तब्येतीला बरी' हे कुणी सांगितलं तरी ऐकू नका.

मद्यार्क काढला तर? कमी दाबाखाली तो कमी तापमानालाच उडून जातो. २००९च्या म्युनिक मॅरेथॉनच्या धावपटूंना अशी गव्हाची बिअर दिली, तेव्हा त्यांच्यात सर्दी-पडशाचं प्रमाण कमी आढळलं. मात्र पैसा बिअर कंपनीचा होता, हे विसरू नये.

मला जास्त आवडते ती 'बायोनाड', हे बिनमद्यार्काचं पेय. डीटर लायपोल्ड या जर्मन ब्रुअरनं माल्टच्या पाण्यातली साखर यीस्टऐवजी जिवाणूंना दिली. मद्यार्क झालाच नाही, ग्लुकोनिक आम्ल झालं.

दारूबंदीच्या गुजरातेत असं पेय का होऊ नये? आपली आंबील आहेच. मोडाच्या नाचणीचं पीठ रात्रभर ताकात आंबवा, सकाळी शिजवा. शिजवताना जिवाणू मरतात, म्हणून निवल्यावर वरून ताजं ताक घाला. चवीला मीठ, जिरं. साखर नको.