मातीत कुजणारा मल्चिंग पेपर: नेमकं काय कुजतं?

राम राम मंडळी! हे बघा माझ्या हातात काय आहे, मागच्या टरबुजाच्या बेडवरचा मल्चिंग पेपर, म्हणजे माती झाकायची प्लास्टिकची पातळ फिल्म, रोटाव्हेटर मारला आणि त्याच्या अशा चिंध्या झाल्या, आता यावलच्या काळ्या मातीतून एकेक वेचायची म्हणजे माणसाचा जीव जातो.

तर मातीत कुजणारा पेपर बनतो कसा, ते बिबड्यांवरून सांगतो. ज्वारीचं पीठ पाण्यात शिजवलं की त्यातला स्टार्च फुगतो, घाटा होतो, तो कापडावर पातळ थापतो आपण. ओली बिबडी छान वाकते, वाळली की कडाकड मोडते, कारण तिला मऊ ठेवणारं पाणी उडून गेलं. फॅक्टरीत हेच करतात, फक्त मक्याच्या स्टार्चमध्ये पाण्याच्या जोडीला ग्लिसरीन घालून गरम मशीनमधून काढतात, ग्लिसरीन सहज उडत नाही म्हणून फिल्म लवचिक राहते.

पण पावसात ती लिबलिबीत होणारच ना! म्हणून त्यात सिंथेटिक पॉलिमर, म्हणजे लांब साखळीचं प्लास्टिक, मिसळावा लागतो, बऱ्याचदा पीबीएटी नावाचा. स्टार्चला पाणी आवडतं, पीबीएटीला नाही, दोघं फटकून राहतात, मग दोघांना धरून ठेवणारा मॅलिक अनहायड्राइडसारखा जोडणारा पदार्थ थोडासा घालतात.

आता हे नीट ऐका. पीबीएटी बनतो पेट्रोलियमपासूनच, तरी कुजतो, कारण त्याच्या साखळीत एस्टरचे जोड असतात, ते पाण्याने आणि जंतूंच्या एन्झाइमने तुटतात. पॉलिथिनमध्ये नुसता कार्बनला कार्बन, जंतूंनी तोडायचं कुठून? आणि पीएलए नावाचा दुसरा पॉलिमर मक्यापासून बनूनही साध्या मातीत फार हळू कुजतो, त्याला कंपोस्टची 58 डिग्रीच्या आसपासची गरमी लागते. म्हणजे कशापासून बनलं यावर काही ठरत नाही!

1970 च्या दशकात पॉलिथिनमध्येच स्टार्च मिसळायला सुरुवात झाली होती. जंतूंनी स्टार्च खाल्ला, पिशवीचा भुगा झाला, पॉलिथिन मात्र तसंच मातीत पडून. कुजणाऱ्या मल्चिंग पेपरसाठीच्या युरोपच्या 2018 च्या ईएन 17033 मानकात म्हणूनच तुकडे होऊन भागत नाही, 2 वर्षांत 90 टक्के कार्बनचा कार्बन डायऑक्साइड व्हावा लागतो.

कोणी पेपरवर आयोडीनचा थेंब टाकून निळा-काळा डाग दाखवला तर भुलू नका भाऊ, तो डाग फक्त स्टार्चचा आहे, त्याच्यासोबत दुसरं काय मिसळलंय ते दुकानदाराला विचारूनच पैसे द्या.